गाडी नव्हे, फक्त सांगाडा

ब्रिटनमध्ये स्पोर्ट्स कार सुट्या भागांत विकत मिळते, खोक्यांतून घरपोच येते आणि आपल्याच गॅरेजात बसून आपल्याच हातांनी जोडता येते, हे ज्या नवऱ्याला पहिल्यांदा कळतं त्याचे डोळे क्षणभर चमकतात. मग स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी होते आणि डोळे विझतात. गाडी जोडायला शंभरेक तास पुरतात म्हणे. बायकोला पटवायला किती लागतात, तो आकडा मात्र कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

शंभर तासांचा हिशेब केटरहॅमसारख्या कंपनीचा. ही कंपनी आपली ‘सेव्हन’ ही बिनछपराची, लांब नाकाची, दोन माणसांची गाडी आजही तयार किंवा सुटी, दोन्ही प्रकारे विकते. अर्थात हे शंभर तास पान्याशी ओळख असलेल्या माणसाचे. गॅसचा रेग्युलेटर बसवायला शेजाऱ्यांना हाक मारणाऱ्या प्रस्तुत लेखकासारख्यांनी तो आकडा फक्त वाचायचा आणि पान उलटायचं. गंमत अशी, की ही गाडी घ्यायला निघालेल्यांत अशा रेग्युलेटरवाल्यांचाच भरणा मोठा असतो. ज्याला खरोखर गाडी जोडता येते त्याची बायको फारशी घाबरत नाही. जो भिंतीत खिळा ठोकताना अंगठा सुजवून घेतो आणि मग “मी स्वतः जोडणार आहे” म्हणतो, त्याच्या बायकोच्या पोटात गोळा येतो.

या सगळ्या भानगडीचं मूळ शोधलं तर ते वेगाच्या वेडात सापडत नाही, करचुकवेगिरीत सापडतं. कायदेशीर, पण चुकवेगिरीच. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमननं 1957 साली ‘सेव्हन’ बाजारात आणली तेव्हा ब्रिटनमध्ये नव्या मोटारींवर जबर खरेदी कर होता. त्या वर्षी तो घाऊक किमतीच्या 60 टक्के होता. कर धरून तयार गाडी हजार पौंडांच्या वर जायची. सुटे भाग मात्र या करातून मोकळे. म्हणजे तीच गाडी, तीच चाकं, पण खोक्यांत भरली की किंमत जवळपास निम्म्यावर. सरकारी बाबूंपुढे चॅपमनचं म्हणणं सरळ होतं: गाडी विकलीच कुठे, हे तर नुसते भाग!

सरकारही काही दूधखुळं नव्हतं. सुट्या भागांसोबत जोडणीच्या सूचना देता येणार नाहीत, अशी अट होती. त्यावर लोटसनं काढलेली शक्कल गाडी जोडणाऱ्यांच्या वर्तुळात आजही चहाबरोबर सांगितली जाते. त्यांनी म्हणे गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या. ग्राहकानं त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायच्या.

1 एप्रिल 1973 पासून खरेदी कर गेला, मूल्यवर्धित कर आला आणि ही पळवाट बुजली. त्याच वर्षी ‘सेव्हन’चे हक्क केटरहॅम या गावातल्या विक्रेत्यानं, ग्रॅहम नर्न यांनी घेतले. आता वाचवायला कर उरला नव्हता, तरी गाडी खोक्यांतून विकली जातच राहिली. अभ्यासक याची कारणं छंद, कारागिरी, मोटार-शर्यतींची परंपरा अशी बरीच देतात. एक कारण मात्र कोणी छापत नाही. सरकारी तिजोरीखेरीज प्रत्येक घरात आणखी एक अर्थखातं असतं, आणि त्या खात्यासमोरही अख्खी गाडी ठेवता येत नाही.

ब्रिटनमधल्या मिल्टन कीन्स शहरातलं एखादं मराठी घर डोळ्यांसमोर आणा. नवरा आयटीत, बायको हिशेबात पक्की, गॅरेजात दोन सुटकेसा, जुना पाळणा आणि गेल्या गणपतीचं मखर. रविवारची दुपार. नवरा चहा स्वतः करून आणतो. बायको तिथेच सावध होते.

“काय हवंय?”

“काही नाही गं. एक सांगाडा बघत होतो.”

“कशाचा?”

“असाच. नळ्यांचा.”

“गाडी घेतोयस?”

“गाडी कुठे? नुसता सांगाडा. त्याला इंजिनसुद्धा नाही.”

“मग सांगाड्याचं करणार काय?”

या प्रश्नाला उत्तर नसतं असं नाही. उलट उत्तरं फार असतात, आणि ती टप्प्याटप्प्यानं देण्यातच सगळं कसब आहे. सांगाडा पगारातून. इंजिन मार्चमधल्या बोनसमधून. गिअरबॉक्स ‘वापरलेला, पण नव्यासारखा’. चाकं म्हणजे वाढदिवसाची भेट, तीही बायकोनंच दिलेली, फक्त तिला अजून ठाऊक नाही. कुठलाही भाग एकटा बघितला तर त्यात गाडीचा वासही येत नाही. चॅपमननं ब्रिटिश सरकारला गुंडाळलं ते याच युक्तीनं. फरक एवढाच, की सरकारला बेरीज करायला वेळ लागला. बायको ती चहा गार व्हायच्या आत करते.

“एकूण किती?”

नवरा आकडा सांगतो. 2021 साली केटरहॅमची सर्वांत लहान ‘सेव्हन 170’ आली तेव्हा तिची सुरुवातच साधारण 23 हजार पौंडांपासून होती. इंजिन सुझुकीचं, 660 सीसी. इथे मराठी बायको थांबते. आमच्या बाबांच्या मारुती आठशेचं इंजिनसुद्धा याच्यापेक्षा मोठं होतं, 796 सीसीचं, हे तिला पक्कं आठवतं. त्या गाडीत पाच माणसं, स्टेपनी, तांदळाचं पोतं आणि कोल्हापूरहून परतताना गुळाची ढेप मावायची. नवरा समजावतो, की त्याला टर्बो आहे, शक्ती 84 अश्वशक्ती आहे, आणि मुख्य म्हणजे गाडीचं वजन फक्त 440 किलो आहे.

“वजन कमी कसं?”

“बऱ्याच गोष्टी नाहीत ना.”

“काय काय नाही?”

एअरबॅग नाहीत. एबीएस नाही. पॉवर स्टिअरिंग नाही. काही मॉडेलांत हीटरसुद्धा ‘हवा असल्यास’ या यादीत. डिकीत दोघांचं मिळून एका रात्रीचं सामान, तेही दोघांनी आधी भांडून ठरवलं तर.

“मग आहे काय?”

“अनुभव,” नवरा म्हणतो, आणि खिडकीबाहेर बघतो. बाहेर पाऊस पडत असतो.

एवढ्यावर नवरे हटले असते तर अशा सुट्या भागांतल्या गाड्यांचा, म्हणजे किट कारचा, धंदा केव्हाच बसला असता. पुढची फळी तयार असते. पहिला मोहरा गुंतवणुकीचा. केटरहॅमची किंमत इतर गाड्यांसारखी भराभर उतरत नाही, हे खरंच आहे. वर्षाला मोजकेच मैल चालवायच्या अटीवर विमाही बरेचदा परवडतो. पण हे सांगताना नवऱ्याच्या तोंडून नको ते निघून जातं. “हवी तेव्हा विकता येईल,” तो म्हणतो. बायको दिनदर्शिकेकडे बघत विचारते, “म्हणजे कधी?” मग मुलांचा मोहरा: बापलेकांनी मिळून काहीतरी करणं किती चांगलं, पोराच्या हातातला मोबाइल सुटेल. पोरगा सोफ्यावरूनच मोबाइलमधून मान वर न करता सांगतो, की त्याला यात ओढू नये.

सर्वांत धोक्याचा मोहरा पुस्तकाचा. रॉन चॅम्पियन यांचं, फक्त अडीचशे पौंडांत आपली स्पोर्ट्स कार कशी बांधावी, हे शिकवणारं पुस्तक हेन्झ प्रकाशनानं 1996 साली काढलं. एखादी जुनी फोर्ड एस्कॉर्ट घ्यायची, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल काढायचा, लोखंडी चौकोनी नळ्या कापून वेल्डिंगनं सांगाडा उभा करायचा. त्या पुस्तकातून ‘लोकॉस्ट’ नावाची एक जमातच निर्माण झाली आणि कितीतरी संसारांत अडीचशे हा आकडा पुरावा म्हणून मांडला गेला. पुढे त्याच जुन्या एस्कॉर्टना संग्राहकांनी असे भाव आणले, की आज धडधाकट एस्कॉर्ट कापून लोकॉस्ट करणं म्हणजे पैठणी फाडून तिचं पायपुसणं शिवणं. आता लोक माझदा एमएक्स-5 शोधतात. ती खालून गंजते, पण इंजिन ठणठणीत राहतं. नवरा पुस्तकातला अडीचशेचा आकडा दाखवतो. बायको पुस्तकाचं साल दाखवते.

हेन्झ प्रकाशनाचा जन्मही असाच. जॉन हेन्झ या शाळकरी पोरानं जुन्या ऑस्टिन सेव्हनची (लोटसची ‘सेव्हन’ ती वेगळी) स्पेशल गाडी केली आणि ती कशी केली याची पुस्तिका 1956 साली काढली. वय लक्षात घ्या. लग्नाआधी सगळं सोपं असतं.

तरीही कधीतरी एखादी बायको “बघायला काय हरकत आहे” म्हणते आणि शोरूमपर्यंत येते. इथे नवऱ्यांची सगळ्यांत मोठी चूक होते: ते तिला गाडीत बसवतात. ‘सेव्हन’मध्ये बसणं ही स्वतंत्र कला आहे. दार म्हणून जे असतं तो कापडाचा आणि प्लॅस्टिकचा एक पडदा, बिजागरीवर लटकलेला. आधी एक पाय आत टाकून सीटवर उभं राहायचं, मग दुसरा, मग दोन्ही हात कडांवर टेकवून शरीर हळूहळू खाली सोडायचं, पाय पुढच्या बोगद्यात सरकवायचे. बूड जमिनीपासून वीतभर वर येऊन ठेपतं. शेजारून जाणाऱ्या ट्रकचं चाक बरोबर डोळ्यांच्या पातळीला येतं. छप्पर लावलेलं असेल तर हेच सगळं अर्धं वाकून करायचं. उतरताना आणखी एक खबरदारी. अनेक मॉडेलांत धुराड्याचा नळा गाडीच्या बाहेरच्या अंगानं जातो. गरम असताना पोटरी टेकली की कायमची खूण. जुने मालक ती खूण पदकासारखी दाखवतात. त्यांच्या बायकाही दाखवतात, पण वेगळ्या सुरात.

त्या संध्याकाळी सांगलीला व्हिडिओ कॉल होतो. जावयानं उत्साहानं पाठवलेला फोटो सासूबाई चष्मा लावून न्याहाळतात.

“जावईबापू, दारं नंतर येणार का?”

“नाही आई, या गाडीला तशी दारं नसतातच.”

“छप्पर?”

“बटणांचं असतं. लावता येतं.”

“मग पैसे कमी घेतले असतील.”

“उलट आई, जितकी हलकी करू तितकी महाग.”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू येत नाही. आवाज गेला असावा म्हणून जावई फोन हलवून बघतो.

पण माणसाच्या चिकाटीपुढे कधीतरी घर नमतं. बायको “कर काय करायचंय ते” म्हणते. या वाक्याला होकार समजणारा नवरा धन्य होय. खोकी येतात. मखर गॅरेजातून बैठकीत येतं, पाळणा जिन्याखाली जातो. वरच्या खोलीतला पाहुण्यांचा पलंग वायरिंगच्या जाळ्याखाली दिसेनासा होतो, आणि मायदेशाहून पाहुणे आलेच तर त्यांनी स्पीडोमीटरच्या वायरीला धक्का न लावता झोपायचं असतं. गाडी जोडणारे लोक बेअरिंग बसवायला एक जुनी युक्ती वापरतात. बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचं, म्हणजे धातू आकसतो. ज्या खोबणीत ते बसवायचं तो भाग ओव्हनमध्ये तापवायचा, म्हणजे तो फुगतो. मग एकात दुसरं अलगद बसतं. भौतिकशास्त्र निर्दोष आहे. अडचण एवढीच, की फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाच्या पिशवीला टेकून ग्रीसचा पुडा निघतो आणि पुढे दिवाळीपर्यंत नानकटाईला गिअर ऑइलचा वास येतो.

मे महिन्याच्या सुरुवातीला वॉरिकशायरमधल्या स्टोनलेला किट गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. किट कारचा अभ्यास करायचा तर गाड्या बघाव्यात. संसाराचा अभ्यास करायचा तर त्याच मैदानाच्या कडेनं घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या बायकांकडे बघावं. पुरुष मंडळी बॉनेटखाली डोकी घालून असतात. बायका थर्मासमधली कॉफी ओततात आणि आकडे जुळवतात. “तुझ्यानं टायर केवढ्याला सांगितले?” “अच्छा. माझ्यानं निम्मे सांगितले.” एखाद्या कंपनीच्या लेखापरीक्षकाला हेवा वाटावा अशी ही तपासणी. घरी परतताना गाडीत बराच वेळ शांतता असते. नवऱ्याला वाटतं ती दमली.

सगळं जोडून झालं की सरकार पुन्हा दारात उभं. 1998 पासून ब्रिटनमध्ये अशा एकट्यादुकट्या गाड्यांची स्वतंत्र तपासणी सुरू झाली आणि 2009 पासून ती आणखी कडक रूपात, आयव्हीए या नावानं, होते. परीक्षक ब्रेक, दिवे, आवाज, धूर हे तर बघतोच, शिवाय कुठल्याही उघड्या कडेला पुरेशी गोलाई आहे का तेही बघतो. बाहेर आलेला नट, तीक्ष्ण पत्रा, टोकदार आरसा, काहीही चालत नाही. म्हणून तपासणीच्या आदल्या रात्री गाडी काळ्या रबरी पट्ट्यांनी मढवतात, प्रत्येक नटाला प्लॅस्टिकची टोपी घालतात. गाडी उत्तीर्ण झाली की त्या टोप्या घरी पोचायच्या आत निघतात. वर्षानुवर्षं “घरात एकही कोपरा टोकदार ठेवू नका, लेकरू रांगायला लागलंय” असं सांगून थकलेल्या बायकोला या एका सरकारी अधिकाऱ्याबद्दल मनापासून आदर वाटतो. पहिल्या खेपेला नापास होणं हा इथला रिवाजच. फी साडेचारशे पौंडांच्या आसपास असते. फेरतपासणीची वेगळी द्यावी लागते, ती हिशेबात नव्हती हेही त्याच रात्री कळतं.

पुण्यातल्या बायका या बाबतीत सुखी. भारतात रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या नमुन्याला आधी मान्यता लागते, आणि ती देणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, तर कोथरूडजवळ वेताळ टेकडीवरच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं 2019 साली ते पुन्हा ठणकावून सांगितलं. तेव्हा कर्वेनगरच्या गृहस्थानं गच्चीवर स्पोर्ट्स कार जोडली तरी ती गच्चीवरच राहील. हौशी नवऱ्याला “आरटीओ नाही म्हणतंय” एवढं सांगितलं की मिटलं. ब्रिटनमधल्या बिचाऱ्या बायकोला मात्र “नाही” स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागतं.

आणि तिच्याविरुद्ध नवऱ्याच्या हातात इतिहासातला एक खराखुरा दाखला असतो. चॅपमननं पहिली गाडी 1948 साली जुन्या ऑस्टिन सेव्हनवर बांधली, ती त्याच्या मैत्रिणीच्या, हेझल विल्यम्सच्या, आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात. 1952 च्या पहिल्या दिवशी लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली तेव्हा भांडवल होतं 25 पौंड, आणि तेही हेझलनं उसने दिलेले. 1954 मध्ये दोघांचं लग्न झालं. म्हणजे या साऱ्या खटाटोपाला पहिला पैसा एका भावी बायकोनंच घातला. हा दाखला नवरे जपून ठेवतात आणि शेवटच्या क्षणी बाहेर काढतात. त्यावर मिल्टन कीन्समधून आलेलं उत्तर: “पंचवीस मी पण देते. आत्ता देते. वरचे तू बघ.”

हेझलचं उदाहरण अगदीच अपवाद म्हणून सोडूनही देता येत नाही. गाडी तयार झाल्यावर एका उन्हाच्या दिवशी चावी हातात घेऊन नाहीशा झालेल्या आणि जेवणाच्या वेळेपर्यंत न परतलेल्या बायकाही या जगात आहेत. तेव्हा दारात येरझाऱ्या घालणारे, विम्याच्या मैलांची आठवण करून देणारे, क्लचची काळजी करणारे नवरेच असतात.

ज्यांना इतकं वाचूनही घ्यायचीच आहे, त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. नवी खोकी घेऊ नका. जाहिरातींत अर्धवट सोडलेल्या गाड्या शोधा. त्या बहुतेक ‘90 टक्के काम पूर्ण’ असतात आणि उरलेले दहा टक्के म्हणजे वायरिंग, हे गृहीत धरा. विकण्याचं कारण ‘घर बदलणे’, ‘बाळ येणार’ किंवा ‘जागेची अडचण’ असं लिहिलेलं असेल, तर भाव खाली येतो. ज्या जुन्या गाडीचे भाग काढलेत तिची नोंदणीची कागदपत्रं, सांगाड्याचा क्रमांक आणि भागांच्या पावत्या स्वतः बघा. गाडीचं वय आणि मूळ सिद्ध झालं नाही तर ‘क्यू’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो आणि पुढे विकताना भाव आणखी पडतो. आणि सौदा करायला जाताना बायकोला बरोबर न्या. तुम्ही विकणाऱ्याशी इंजिनाबद्दल बोला, तिला त्याच्या बायकोशी बोलू द्या. खरा भाव तिथेच ठरतो.